प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाच्या आजारांचं प्रशिक्षण कसं उभं करावं: मराठवाड्यात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

तालुक्यातल्या आशाताई, नर्सबाई, सीएचओ (उपकेंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी) आणि डॉक्टरांना मनाच्या आजारांचं प्रशिक्षण द्यायचं काम तुमच्यावर आलं असेल, तर आधी हॉल आणि चहा-नाश्ता ठरवू नका. ज्या केंद्रातल्या लोकांना शिकवायचंय, तिथल्या ओपीडीत दोन दिवस जाऊन बसा. त्यातला एक दिवस आठवडी बाजाराचा असू द्या. त्या दिवशी वाड्या-तांड्यांवरची माणसं बाजाराबरोबर दवाखानाही उरकून घेतात.

तिथं काही बोलू नका, फक्त कानावर पडेल ते वहीत उतरवा. "हातपाय गळाल्यागत झालेत." "डोक्यात मुंग्या येतात." "अंगातून वाफा निघायल्यात." "जीव घाबरा होतो." "झोपच लागंना." या तक्रारी घेऊन आलेली बाई कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन परत जाते, आणि पुढच्या बाजारी पुन्हा येते. यात डॉक्टरांचा दोष काढू नका. समोर ऐंशी-नव्वद माणसांची रांग असते आणि एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत मानसोपचाराच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. आजार समोर बसलाय, पण तो शरीराच्या भाषेत बोलतोय आणि ती भाषा कुणी शिकवलेली नाही. तुमचं प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः ही भाषा शिकवणं.

हे काम किती मोठं आहे, याचा अंदाज मनाशी असू द्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३० हजार लोकवस्ती धरतात. त्यात २० हजार प्रौढ धरले तर हिशोब दोन हजारांच्या घरात जातो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यांपैकी एकही नाही. मानसोपचारतज्ज्ञ संभाजीनगर, लातूर, नांदेड, अंबाजोगाईसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या गावी किंवा जिल्हा रुग्णालयात भेटणार. दोन हजार माणसं तिथवर जाऊ शकत नाहीत. म्हणून गावातल्याच माणसांना शिकवायचं.

त्या दोन दिवसांत आणखी चार गोष्टी पाहून ठेवा. औषधांच्या कपाटात नैराश्याचं, फिटचं आणि भास-संशयाच्या आजाराचं औषध प्रत्यक्षात आहे का, आणि मुदत कधी संपते? हे डॉक्टरांना नाही, फार्मासिस्टला विचारा. नोंदवहीत मानसिक आजाराचा रकाना आहे का, आणि मागच्या सहा महिन्यांत तो कितीदा भरला? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं? आणि चौथी गोष्ट, जी नवखे विसरतात: दार लावून दहा मिनिटं बोलता येईल अशी जागा केंद्रात कुठं आहे? बहुतेक ठिकाणी लसीकरणाची खोली दुपारनंतर रिकामी असते. ती आत्ताच मागून ठेवा. प्रशिक्षणात "एकांतात बोला" असं शिकवायचं आणि केंद्रात एकांतच नाही, असं झालं तर तुमचा शब्द पहिल्याच आठवड्यात वाया जातो.

काय शिकवायचं, त्याआधी काय सोडायचं

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये एमएच-गॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी त्याची मार्गदर्शिका २०१० मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली. तुमच्या प्रशिक्षणाचा पाया तीच असू द्या, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवायला जाऊ नका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात तीन दिवसांत सगळे आजार, सगळे तक्ते, सगळ्या स्लाइड दाखवल्या. शेवटच्या परीक्षेत सगळ्यांना चांगले गुण पडले. तीन महिन्यांनी केंद्राची नोंदवही उघडली तर नव्या रुग्णाची एकच नोंद. शिकणाऱ्यांना सगळं समजलं होतं, पण सोमवारी सकाळी कामावर गेल्यावर सुरुवात कुठून करायची, एवढं मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी पाचच विषय घेते: नैराश्य, आत्महत्येचे विचार, दारू, फिट आणि भास-संशयाचे तीव्र आजार. मुलांचे आजार आणि वृद्धांचा विसरभोळेपणा पुढच्या वर्षी.

कुणी काय करायचं हेही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. आशाताईनं ओळखायचं, केंद्रापर्यंत आणायचं आणि नंतर घरी विचारपूस करायची. निदान तिनं करायचं नाही. उपकेंद्रातल्या सीएचओनं शांतपणे बोलायचं, प्रश्नावली भरायची, पाठपुराव्याची तारीख द्यायची. निदान आणि औषध डॉक्टरांचं. ही वाटणी स्पष्ट नसली की आशाताई घाबरते: "वेड्याचं काम आता आमच्या गळ्यात." तिच्याकडे आधीच गरोदर माता, लसीकरण, टीबी, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण असं सगळं असतं. नव्या कामाचा आकार तिला आधीच दिसू द्या.

आशा ओळखू शकेल का, अशी शंका डॉक्टर हमखास काढतात. नेपाळमधल्या चितवन जिल्ह्यात आरोग्य स्वयंसेविकांना आजारांची छोटी चित्रं आणि गोष्टीसारखी वर्णनं दिली होती. "तुमच्या गावात अशी कुणी आहे का?" एवढंच विचारायचं. त्यांनी दाखवलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघांना खरोखर आजार होता. लक्षणांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा ही रीत आपल्याकडेही चांगली चालते, कारण आशाताईच्या डोळ्यांपुढं वर्णन ऐकताक्षणी घर उभं राहतं.

प्रशिक्षणाची तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर शेतही पाहा. पेरणीच्या दिवसांत आशाताई येतील, पण त्यांचं लक्ष आभाळाकडे असेल. सोयाबीनच्या काढणीतही तेच. मार्चमध्ये केंद्राला अहवालांपुढं उसंत नसते. मला पोळ्याच्या आधीचे ऑगस्टचे दिवस सोयीचे वाटतात. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवमधली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्याआधी दोन-तीन महिने मिळाले तर त्यांच्यातले रुग्ण ओळखून औषध बसवता येतं. सलग चार दिवस न घेता दोन दिवस, मग तीन आठवड्यांची मोकळीक, मग पुन्हा दोन दिवस, असं करा. मधल्या काळात प्रत्येकानं एकाच माणसाशी बोलून यायचं. तुकडी वीस-बावीस जणांची. प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात. लहान लेकरू असलेल्या ताईला ते घेऊन यायला सांगा.

पहिला दिवस शब्दांचा

आजारांची नावं सांगून सुरुवात करू नका. खडू आशाताईंच्या हातात द्या आणि विचारा: तुमच्या गावात माणसाचं मन दुखलं की तो काय म्हणतो? पंधरा मिनिटांत फळा भरतो. "टेन्शन आलंय." "विचार लई येतात." "कशात मन लागंना." "डोक्यावर परिणाम झालाय." "बाहेरचं झालंय." "काळजाला घोर लागलाय." मग सगळ्यांनी मिळून यातले शरीराचे कोणते, झोपेचे कोणते, मनाचे कोणते आणि देवधर्माचे कोणते, अशा रांगा लावायच्या. यात लागणारा तास वाया गेला असं वाटू देऊ नका. झिंबाब्वेत फ्रेंडशिप बेंचच्या कामात आजीबाई झाडाखालच्या बाकावर बसून लोकांचं ऐकतात. तिथं नैराश्य हा शब्द मुद्दाम वापरत नाहीत. शोना भाषेत कुफुन्गिसिसा म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आपल्या "विचार लई येतात"चा तो सख्खा भाऊ. लोकांचा शब्द धरला की लोक दार उघडतात. "तुम्हाला मानसिक आजार आहे" म्हटलं की ते लावून घेतात.

किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात असाल तर फळ्यावर भूकंपही येईल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांच्या झोपेची चौकशी तिथून सुरू करावी लागते.

या पहिल्या दिवशी हॉलमध्ये कुणीतरी रडणार, हे धरून चला. बोलता बोलता एखाद्या ताईचं स्वतःचं घर समोर येतं: पिणारा नवरा, गळफास घेतलेला दीर, बाळंतपणानंतरचे स्वतःचे काळे दिवस. शेजारची एक खोली आणि तुमची एक सहकारी त्यासाठी मोकळी ठेवा. त्या ताईला पुढं बोलावून "बघा, आपल्यातलंच उदाहरण" असं कधीही करू नका. गाव एकच असतं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या सासरी पोचलेलं असतं.

विचारायला शिकवणं

व्याख्यानानं हे येत नाही. तिघांचे गट करा: एक रुग्ण, एक कर्मचारी, एक नुसतं बघणारी. दहा मिनिटं झाली की भूमिका बदलायच्या. घरातली खरी अडचण त्यात आणा. सासू शेजारी बसून सगळी उत्तरं स्वतः देतेय, असा प्रसंग द्या. एका आशाताईनं यावर काढलेली युक्ती मी आता सगळीकडे सांगते: "बीपी मोजायचाय, आत या." बीपी मोजताना गप्प बसावं लागतं, दार लोटलेलं असतं आणि सासूबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. पट्टा काढल्यावर बोलायचं.

नमुन्याचा संवाद असा करून दाखवा:

"मावशी, गुडघ्याचं कळलं. आता झोपेचं सांगा."

"झोप कुठली माय. तीन वाजल्यापसून टक्क जागी असते."

"जागं असताना मनात काय येतं?"

"काय येणार. लेकीच्या लग्नाचं कर्ज. मालकाचं पिणं. ह्या साली सोयाबीनबी गेलं."

"जेवण जातं का?"

"दोन घास. तेबी ढकलून."

"आधी कशात मन रमायचं तुमचं?"

"भजनाला जायचे मी. दिवाळीपसून गेले नाही. जावंच वाटंना."

इथं थांबा आणि गटाला विचारा, यातलं सर्वांत महत्त्वाचं उत्तर कोणतं? बहुतेक जण कर्ज म्हणतात, काही जण झोप. पण कर्ज गावात अनेकांना आहे. भजन सुटलंय, हे निदानाच्या सर्वांत जवळचं आहे. ज्यात जीव रमायचा त्यातला रस उडणं आणि मन उदास असणं, या दोनपैकी एक जरी गोष्ट मागचे दोन आठवडे बहुतेक दिवस असेल तर पुढची प्रश्नावली काढायची. नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा वर गेलं तर डॉक्टरांकडे. "मागच्या दोन आठवड्यांत" असं विचारलं की वयस्कर माणसं गोंधळतात. "मागच्या दोन बाजारांपासून" म्हटलं की बरोबर सांगतात. आणि जनगणनेचा फॉर्म भरल्यासारखं वाचून दाखवायचं नाही. हे हॉलमध्येच मोडून काढा.

आणखी एक सवय मोडावी लागते आणि ती आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलेली आहे. माणूस दोन वाक्यं बोलला की आपण सल्ला देतो. "टेन्शन घेऊ नका." "लेकरांकडं बघा." "देवाचं नाव घ्या." ही तीन वाक्यं फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा. गटात ज्या ताईनं ती ऐकली, तिला विचारा की ऐकून काय वाटलं. "मग मी गप्पच झाले," असं ती सांगते. हे अनुभवानं कळलं की सवय सुटते.

आत्महत्येबद्दल विचारताना

यासाठी पूर्ण अर्धा दिवस ठेवा. घाई असेल तर बाकी कशातही कपात करा, यात नको.

विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातला जाईल, ही भीती डॉक्टरांपासून आशाताईंपर्यंत सगळ्यांना असते. ती चुकीची आहे. सरळ विचारल्यानं धोका वाढतो असं संशोधनात आढळलेलं नाही, आणि बऱ्याच माणसांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. पण हे सांगून जीभ वळत नाही. म्हणून प्रत्येकाकडून हे प्रश्न मोठ्यानं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणवून घ्या. पायरी पायरीनं:

"कधी असं वाटतं का, की जगून काही उपयोग नाही?"

"जीव द्यायचा विचार मनात येतो का?"

"कसं, कधी, असं काही ठरवलंय का?"

"याआधी कधी तसं केलं होतं का?"

"घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता?"

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार मोलाचा आहे. तीव्र इच्छेची वेळ बहुधा काही तासांत ओसरते. त्या वेळी विष हाताशी नसेल तर माणूस वाचू शकतो. आशाताईनं घरच्यांशी बोलून तो डबा त्याच दिवशी भावकीत किंवा शेजारी कुलपात ठेवायला लावायचा. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं एक माणूस जोडून द्यायचं, डॉक्टरांना त्याच वेळी फोन करायचा, गरज पडली तर १०८ बोलवायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालतो. प्रशिक्षणातच स्पीकरवर लावून दाखवा, म्हणजे पुढं संकोच राहत नाही.

गुप्ततेचा नियम इथं एका ठिकाणी वाकतो, हेही सांगा. "तुमचं बोलणं गावात जाणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर घरच्या एका माणसाला आणि डॉक्टरांना मी सांगणार." हे आधीच बोलून ठेवायचं. नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

विष घेतलेल्या माणसाचे नातेवाईक "चुकून प्यायला" असं सांगतात, कारण पोलिस केसची धास्ती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं असतं आणि त्याला शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होते, ती वेगळी गोष्ट. हे नातेवाइकांना समजावलं की खरं बोलणं सुरू होतं आणि वाचलेल्या माणसाला पुढचा उपचार मिळतो. नाहीतर पोट धुऊन तिसऱ्या दिवशी घरी, आणि मनाची चौकशी कुणीच केलेली नसते. असा वाचलेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. त्याची यादी आशाताईकडे वेगळी हवी आणि पहिल्या आठवड्यात घरभेट व्हायलाच हवी.

शेतकऱ्यांचा विषय निघाला की हॉलमध्ये एक वाद होतो: "कर्ज फिटलं की मन आपोआप बरं होईल, गोळ्या कशाला?" हा वाद दाबू नका. कर्ज, नापिकी, भाव ही खरी कारणं आहेत आणि आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्याचं मन कमकुवत होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. पण महिनाभर न झोपलेला माणूस बँकेत जाऊन कागदपत्रंही देऊ शकत नाही. दोन्ही कामं बरोबर चालली पाहिजेत. राज्याच्या आरोग्य विभागानं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. तुमच्या जिल्ह्यात त्याचं काम कोण पाहतं, ते प्रशिक्षणाआधी शोधा. आणि ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईच्या झोपेची विचारपूस आशाताईंच्या यादीत घाला. पंचनाम्याला आलेली माणसं तिला सातबारा विचारतात, झोपेचं कुणी विचारत नाही.

औषधाचा अर्धा दिवस

हा फक्त डॉक्टर, सीएचओ आणि फार्मासिस्टसाठी, शक्य झालं तर जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या तोंडून. मुद्दे थोडे पण ठाम असू द्या. नैराश्याचं औषध, बहुधा फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम सकाळी, सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांचा विचार करायचा, आणि "कधी उलट झालं होतं का, झोपेविना अंगात भलतीच ताकद, अखंड बडबड, वाट्टेल तसा खर्च?" हे विचारायचं. तसं झालं असेल तर औषध सुरू न करता तज्ज्ञांना फोन. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ आणि बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते. रुग्णाला हे आधी सांगितलं नाही तर तो पाचव्या दिवशी गोळी बंद करतो. तरुणांत सुरुवातीचे आठवडे जास्त लक्ष ठेवायचं. बरं वाटल्यावरही नऊ ते बारा महिने चालू ठेवायचं आणि हळूहळू थांबवायचं. लोक "झोपेची गोळी" मागतात. अल्प्राझोलम महिनोन्‌महिने देऊ नका, ती सवय सोडवणं मूळ आजारापेक्षा अवघड होऊन बसतं.

रोज पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली की काही तासांत हात थरथरतात आणि दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम येऊ शकतो. सप्ताहात माळ घालून, नाहीतर शपथ घेऊन सोडणाऱ्यांत हे दिसतं. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि बडबड-भ्रम असेल तर भरती करायचं, "उतरल्यावर बरा होईल" म्हणून घरी पाठवायचं नाही. फिटमध्ये चप्पल, कांदा, तोंडात चमचा यातलं काही नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांपुढं गेली तर गाडी. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध टाळायचं.

गोळीशिवायचं काम

सौम्य नैराश्यात याचीच गरज असते आणि सीएचओ हे उत्तम करू शकते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतच मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. त्याचा चाचणी-अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक स्पष्ट होता. आपल्या शेजारी विदर्भात विश्राम प्रकल्पात गावपातळीच्या कार्यकर्त्यांनी काम केल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माती तीच, पिकंही बरीचशी तीच. "आपल्याकडं नाही जमायचं" म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांपुढं मी हा आकडा ठेवते.

यातलं मूळ सूत्र शिकवायला सोपं आहे. मन लागत नाही म्हणून माणूस कामं सोडतो, कामं सुटली म्हणून मन आणखी खाली जातं. ही साखळी कामाच्या बाजूनं तोडायची. भजनवाल्या मावशींना "भजनाला जा" म्हणायचं नाही, ते त्यांना डोंगराएवढं वाटतं. "गुरुवारी मंदिराच्या पायरीपर्यंत जाऊन या, बसलात तर बसलात." कोणता दिवस, किती वाजता, कुणाबरोबर, हे ठरवूनच उठायचं आणि पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच. जमलं नसेल तर रागवायचं नाही, काम आणखी लहान करायचं.

भगत, दर्गा, देवरुषी

इथं नव्या लोकांचा उत्साह घात करतो. "सैलानीच्या दर्ग्याला जाऊन आलो, गुण नाही" असं सांगणाऱ्याला अंधश्रद्धेवर भाषण दिलं तर तो परत येत नाही. "तिकडचं चालू द्या, गोळी पण चालू द्या" एवढंच म्हणा. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर दवा आणि दुआ एकाच आवारात चालवायचा प्रयोग याच समजुतीतून झाला. मात्र साखळी, मार, चटके, उपाशी ठेवणं आलं की रेषा ओलांडली. तिथं गप्प बसायचं नाही, केंद्राच्या डॉक्टरांना कळवायचं. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पुढं पाठवताना

"सिव्हिलला जा" म्हणणं म्हणजे रेफर करणं नव्हे. चिठ्ठीवर वार, खोली आणि भेटायच्या माणसाचं पद लिहा. आदल्या दिवशी तिकडे फोन करा. दोघांचं एसटीचं भाडं आणि दोघांची एक दिवसाची मजुरी, एवढा खर्च त्या घराला पडतो. तो मान्य करूनच बोला. पथक ग्रामीण रुग्णालयात येत असेल तर तिथलीच तारीख द्या.

हॉल संपल्यावरचे बारा महिने

प्रशिक्षणाचा खरा भाग हा. चार दिवसांचं बजेट मंजूर होतं, बारा महिन्यांचं होत नाही, म्हणून हा भाग आहे त्या बैठकांत बसवा. केंद्रावर आशाताईंची मासिक बैठक असतेच. तिच्या शेवटी चाळीस मिनिटं मागून घ्या. दरवेळी दोनच रुग्ण: एक, ज्याचं नीट चाललंय आणि एक, जो अडकलाय. नाव न घेता सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. पहिले तीन महिने तुम्ही स्वतः हजर राहा, नंतर सीएचओकडे सोपवा आणि तज्ज्ञांना महिन्यातून एकदा फोनवर जोडा. व्हॉट्सॲप ग्रुप काढाल, तर त्यात रुग्णाचं नाव, फोटो, गाव टाकायचं नाही, हा नियम पहिल्या मेसेजमध्ये.

आशाताईंना या बैठकीत स्वतःचं ओझंही उतरवू द्या. एखाद्या गावात आत्महत्या घडली की तिथली ताई स्वतःला दोष देत बसते. त्या आठवड्यात तिला भेटायला तुम्ही जा. फोन पुरत नाही.

यश मोजायला परीक्षेचे गुण नकोत. एकच आकडा बघा: पहिल्यांदा आलेल्या दहांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले. न आलेल्यांच्या घरी आशाताई गेली की कारणं कळतात: गोळी संपली, उलट्या झाल्या, नवऱ्यानं फेकून दिली, बस बंद होती. पुढच्या महिन्याची चाळीस मिनिटं या कारणांवरच जातात.

दोन याद्या मात्र वेगळ्या ठेवा. एक, ऊसतोडीवर जाणाऱ्यांची. निघण्याआधी डॉक्टरांनी ठरवलेली जास्त दिवसांची औषधं, सोबत एक चिठ्ठी, त्यावर औषधाचं नाव इंग्रजीत, कारण कारखाना कर्नाटकातही असू शकतो. आशाताईचा नंबर, १४४१६ आणि मुकादमाला न कळता फोन करता येईल असं घरातलं एक माणूस. आत्महत्येचा विचार येऊन गेलेल्या रुग्णाकडे मोठा साठा द्यायचा नाही. तो घरच्या माणसाच्या ताब्यात, थोडा थोडा.

दुसरी यादी बदलीची. डॉक्टर बदलतात, सीएचओ बदलतात, बहुतेकदा तुम्हीही. चालू असलेल्या रुग्णांची वही कुलपाच्या कपाटात, किल्ली नर्सबाईंकडे, आणि नव्या माणसाला रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्या पाच घरी आशाताईबरोबर पाठवायचं. तोडीवर गेलेल्यांच्या नावापुढं पुढच्या भेटीचा रकाना रिकामा सोडू नका. तिथं पेन्सिलनं लिहा: गुढीपाडव्यानंतर, आल्या आल्या.